सामाईक चौक

"१२६८ साली तीन भावांनी वाटणी केली," असं गाइड मुलगी म्हणाली आणि मला हसू आवरलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन जर्मन आज्यांनी वळून पाहिलं. लेकीनं कोपर मारलं. "आई, जोक नव्हता तो." नव्हताच. पण परक्या मुलुखात, इंग्रजीतून, साडेसातशे वर्षांपूर्वीच्या सरदारांबद्दल ऐकत असताना अचानक घरातलंच वाक्य कानावर पडलं तर माणसानं करायचं काय? आमच्या वाड्याच्या दाव्यातला पहिला कागद जवळजवळ याच वाक्यानं सुरू होतो. भाऊ दोन, साल १९६१, एवढाच फरक.

किल्ल्याचं नाव बुर्ग एल्ट्स. बुर्ग म्हणजे किल्ला. एल्ट्स हे घराण्याचं नाव, आणि खालून वाहणाऱ्या ओढ्याचं नावही त्याच्याच जातकुळीचं, एल्झबाख. पश्चिम जर्मनीत मोझेल नदीच्या काठाकाठानं कोब्लेंझहून ट्रिअरकडे रेल्वे जाते. तिच्यावर मोझेलकेर्न हे लहानसं स्टेशन आहे. जावई नातीला घेऊन गाडीनं वरच्या रस्त्यानं येणार होते. मी आणि लेक मोझेलकेर्नला उतरून ओढ्याच्या कडेनं चालत निघालो. साधारण पाच किलोमीटर. माझ्या गुडघ्यांच्या वेगानं दीड तास. आधी द्राक्षाचे मळे, मग एक जुनी पाणगिरणी, मग नुसतं रान. ओक, बीच, शेवाळलेले दगड, आणि ओढ्याचा आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून.

मग एका वळणावर झाडांमधून तो दिसला.

मी मनात गड घेऊन गेले होते. तट, बुरूज, माची, वर कुठेतरी बालेकिल्ला. इथे तसं काही नव्हतं. ओढ्यापासून सत्तर मीटर उंचीच्या एका कातळावर चार-पाच उंच वाडे पाठीला पाठ लावून उभे होते. गर्दीच्या एसटीत माणसं उभी असतात तसे. प्रत्येकाचं छप्पर वेगळ्या कोनात, प्रत्येकाची खिडकी वेगळ्या मापाची. मध्येच लाकडी चौकटीच्या पांढऱ्या भिंती, मध्येच दगड, मध्येच हवेत बाहेर काढलेली एखादी कोनाड्याएवढी खोली. तीस-चाळीस मीटर उंचीचे आठ मनोरे, पण एकाही मनोऱ्याला शेजारच्यापासून सुटं उभं राहायला जागा नाही. जमीन संपली म्हणून सगळे वर वाढलेले. मला पहिल्यांदा पेशव्यांचं पुणं आठवलं, किल्ला आठवलाच नाही.

आणि खरं सांगायचं तर हा किल्ला खड्ड्यात आहे. कातळ उंच आहे, तिन्ही बाजूंनी ओढ्याचा वेढा आहे, हे सगळं खरं. पण भोवतालच्या टेकड्या त्याहून उंच. गाडीनं येणाऱ्यांना वरून खाली उतरत किल्ल्यावर यावं लागतं. जावईबापू दरवाजात भेटले ते हेच सांगत, "आई, उतरून किल्ला सर केला." ज्यानं ही जागा निवडली त्याला दरी राखायची होती की रस्ता? उत्तर रस्ता. वर माइफेल्ड नावाचा सुपीक शेतीचा पट्टा आहे, खाली मोझेल नदी आणि तिच्यावरची वाहतूक. दोन्हींना जोडणारी वाट या दरीतून जायची. धान्य त्या वाटेनं उतरणार आणि माल त्या वाटेनं चढणार. वाटेवर बसलेल्याला उंची कशाला हवी?

या घराण्याचा पहिला लेखी उल्लेख ११५७ सालचा. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर साक्षीदारांमध्ये रुडोल्फ फॉन एल्ट्स हे नाव आहे. मला हे फार आवडलं. घराणी इतिहासात शिरतात ती लढाईतून किंवा लग्नातून, असं आपण समजतो. हे लोक शिरले ते कागदाच्या तळाशी, साक्षीदार म्हणून. पुढेही कागदानंच त्यांना तारलं, असं मला त्या दिवसभरात वाटत गेलं. वाटत गेलं असंच म्हणते. कारण शेवटी दादानं त्याला टाचणी लावलीच, ते येईल पुढे.

तर वाटणी. एलियास, विल्हेल्म आणि थिओडरिख असे तीन भाऊ. त्यांच्यात बिनसलं आणि किल्ला व जमीनजुमला तीन ठिकाणी झाला. तिघांनी निशाणंही वेगळी केली. एकाचा सोनेरी सिंह, एकाचा चंदेरी सिंह, तिसऱ्यानं सिंहच सोडला आणि रेड्याची शिंगं घेतली. या तिसऱ्याचा स्वभाव मला लगेच कळला. प्रत्येक घरात एक असतो.

आमच्या वाड्यात तसे नाना. वाडा सातारा जिल्ह्यात, कृष्णेपासून फार लांब नाही. आजोबांनी पूर्वेचा सोपा, माजघर आणि माडी नानाकाकांना दिली, पश्चिमेची बाजू आमच्या अण्णांना. देवघर, आड, दिंडीदरवाजा आणि चौक यांपुढे त्यांनी एकच शब्द लिहिला, 'सामाईक'. आणि तिथेच थांबले. सामाईक म्हणजे कुणी झाडायचं, आडाचा गाळ कुणी काढायचा, देवघरावरची कौलं फुटली तर पैसे कुणी द्यायचे, यातलं काही नाही. भाऊ भाऊ आहेत, घेतील समजून, असं त्यांना वाटलं असणार. नानांनी त्यांच्या बाजूची कौलं काढून पत्रे घातले तेव्हा मी आठवीत होते. पत्र्याचा उतार थोडा जास्त आला आणि पागोळ्या चौकाच्या मध्यावर पडायच्या त्या आमच्या सोप्याच्या पायरीशी पडायला लागल्या. एवढंच घडलं. बाकी सगळं, म्हणजे चौकातली पत्र्याची भिंत, दिवाणी दावा, तीन वकील आणि एकमेकांच्या कार्याला न जाणं, त्या पागोळ्यांतूनच उगवलं.

एल्ट्सच्या तीन भावांपुढचा प्रश्न तसा आमच्यापेक्षा अवघड होता. शेत कापता येतं, कातळ कसा कापणार? मग त्यांनी जे केलं त्याला जर्मनीत स्वतंत्र नाव आहे. असा किल्ला म्हणजे गानएर्बेनबुर्ग, सहवारसांचा किल्ला. मालकी एका कुळाची, घरं शाखांची. अशी रीत जर्मन मुलखात बऱ्याच ठिकाणी होती, कारण वारसा एकाच मुलाला न देता अनेकांत जायचा आणि किल्ला पाडून वाटता येत नाही. एल्ट्सचे राहते गोतावळे पुढे तीन नावांनी ओळखले जाऊ लागले, केम्पेनिश, र्‍यूबेनाख आणि रोडेनडॉर्फ. एकाच चौकाभोवती तिघांची घरं. र्‍यूबेनाखांचं घर १४७२ साली पुरं झालं. रोडेनडॉर्फांची बाजू साधारण १४९० ते १५४० या काळात उभी राहिली. केम्पेनिशांचं काम सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. या सगळ्यांच्या मध्ये प्लाटएल्ट्स हा सर्वांत जुना चौकोनी बुरूज, वाड्यातल्या म्हाताऱ्यासारखा, कुणाच्याच कामात न येणारा आणि कुणालाच हलवता न येणारा. पाचशे वर्षं बांधकाम चालू होतं म्हणतात. म्हणून ते ध्यान असं दिसतं. एका डोक्यातून निघालेला आराखडा नाहीच तो. ती शेजाऱ्याशी लावलेली चढाओढ आहे.

रोडेनडॉर्फ हे नाव कुठून आलं, तर सुनेकडून. सोळाव्या शतकात एल्ट्सांच्या एका मुलानं रोडेनडॉर्फच्या घराण्यातली मुलगी केली आणि तिच्या बाजूच्या जहागिरीचं नाव या शाखेला चिकटलं. गाइडनं हे एका वाक्यात उरकलं. मी मात्र तिथे जरा रेंगाळले. आमच्याकडे मी २००९ साली दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आले. दादानं सांगितलं, मी केली. कागद वाचलाही नाही. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. नाव लागणं तर लांबच, माझं होतं ते नाव मीच काढून आले, आणि आज मी वाड्याविषयी सगळ्यांत जास्त बोलते.

पण मुद्दा कागदाचा. सहवारसांच्या किल्ल्यात एक करार असायचा, बुर्गफ्रीडन. शब्दशः किल्ल्याची शांतता. एका ठरलेल्या हद्दीच्या आत कुणी कुणावर शस्त्र उपसायचं नाही, बाहेर काय करायचं ते करा. दरवाजा, पूल, पहारा, विहीर, प्रार्थनाघर यांचा खर्च कुणी किती द्यायचा. आपला हिस्सा परक्याला विकायचा झाला तर काय. मोडलं तर दंड काय. वयात आलेल्या नव्या वारसानं हे मान्य असल्याची शपथ घ्यायची, मगच आत. एल्ट्समध्येही असे करार होते आणि पुन्हा पुन्हा लिहिले गेले. हा शब्द जर्मन भाषेत इतका मुरला की १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि तिथल्या राजकीय पक्षांनी आपसातली भांडणं तहकूब केली, तर त्यालाही नाव बुर्गफ्रीडनच पडलं. आमच्याकडे भाऊबंदकीला शब्द आहे. भाऊबंदकी आवरण्याच्या कागदाला सुटसुटीत शब्द मला तरी आठवेना. वाटणीपत्र आहे, पण ते वेगळं. वाटणीपत्र कुणाचं काय ते सांगतं. जे कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे, त्याचं काय करायचं ते सांगणारा कागद कुठाय?

आत फोटो काढू देत नाहीत. बरंच झालं. चाळीस मिनिटांत जेवढ्या खोल्या दाखवतात तेवढ्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. सगळ्या मिळून ऐंशीएक खोल्या, आणि त्यांतल्या निम्म्या शेकोटीनं ऊब देता येणाऱ्या. त्या काळात ही मोठी चैन होती. दुसरी चैन म्हणजे वीसेक शौचकूप, काही भिंतीबाहेर काढलेल्या कोनाड्यांत. नातीला किल्ल्यातली एवढीच गोष्ट लक्षात राहिली आणि तिनं परतीच्या वाटेवर ती सगळ्यांना सांगितली. शंभरापर्यंत माणसं एका वेळी राहायची म्हणे. शंभर माणसांना वीस. आमच्या वाड्यात बावीस माणसांना परसातलं एक होतं आणि तेही सामाईक.

र्‍यूबेनाखांच्या शयनघरात भिंतींवर वेलबुट्टी रंगवलेली आहे, फिकी पडलेली पण अजून हिरवी. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीतून एक इवलंसं प्रार्थनाघर हवेत काढलेलं आहे, रंगीत काचांचं. खालून चालत येताना जी कोनाड्याएवढी खोली दिसली होती तीच ही. कारण असं की देवाच्या वेदीवर माणसाचा वावर नसावा, अशी समजूत. मोठा वाडा असता तर वेगळं देऊळ बांधलं असतं. इथे वर दोन-तीन मजले माणसं राहणार. मग वेदीच भिंतीबाहेर काढली, तिच्या डोक्यावर फक्त तिचं स्वतःचं छप्पर आणि आभाळ. आमच्या देवघरावर माडी नको म्हणून आजीनं तिथे माळा घालू दिला नव्हता, ते आठवलं. जागेची अडचण आणि देवाचा मान यांचा मेळ घालताना सगळीकडची माणसं सारखीच कल्पक होतात.

स्वयंपाकघरात तर मी गाइडच्या मागे राहिले. काळवंडलेला चुलाणा, भट्टी, टांगायचे आकडे, लाकडी ओंडका. तिन्ही घरांच्या चुली वेगळ्या. विहीर मात्र सगळ्या किल्ल्याला एक. विहिरीवर रोज सकाळी तिन्ही घरच्या मोलकरणी भेटत असणार आणि मालकांनी कितीही दारं लावली तरी या घरचं त्या घरी तिथूनच जात असणार. हा माझा तर्क. कुठल्या कागदात नाही.

पण मला सर्वांत जास्त खिळवलं ते सरदारांच्या दिवाणखान्यानं. तिन्ही घरच्या लोकांनी एकत्र बसायची जागा. तिथे दोन खुणा कोरलेल्या आहेत. एक, विदूषकाचे मुखवटे. म्हणजे या खोलीत कुणीही काहीही बोलावं, विदूषकाला असते तशी मोकळीक. दुसरी, दारावर गुलाब. म्हणजे इथे बोललेलं इथेच राहील, दाराबाहेर जाणार नाही. बोला काय बोलायचं ते, पण उंबरा ओलांडलात की विसरा. मी त्या गुलाबाकडे मान वर करून पाहत राहिले. आमच्याकडे बैठका झाल्या नाहीत असं नाही. दोनदा झाल्या, मामांना मध्ये घालून. पहिल्या बैठकीत कुणी काहीच बोललं नाही. दुसरीत जे बोलले ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला पाठ होतं, आणि त्यातलं एक वाक्य तर पुढे कैफियतीत छापून आलं.

बाहेर चौकात आलो. चौक म्हणजे काय, आमच्या वाड्याच्या दीडपट असेल. उंच भिंतींमुळे दुपारीही ऊन तळापर्यंत पोचत नाही. दगडी फरसबंदी ओलसर. वर पाहिलं तर आभाळाचा वेडावाकडा तुकडा. आणि मध्ये कुठेही भिंत नाही.

दुपारी जावयांनी नातीला धरलं आणि आम्ही दोघी समोरच्या चढावर गेलो. तिथे आणखी एक किल्ला आहे, म्हणजे त्याचे अवशेष. ट्रुट्सएल्ट्स. नावातच खुन्नस आहे, एल्ट्सला आव्हान. ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुइन हा मोठा जबरदस्त माणूस. भाऊ सम्राट होऊन गेलेला, स्वतः धर्मगुरू आणि शासक दोन्ही. त्याला आपला मुलूख सलग करायचा होता. एल्ट्स आणि आसपासच्या काही सरदारांना थेट सम्राटाच्या छत्राखालीच राहायचं होतं, मध्ये बिशप नको. १३३१ साली पेटलं. बाल्डुइननं समोरच्या उंच टेकाडावर हा छोटा किल्ला बांधला आणि तिथून एल्ट्सवर दगडी गोळे सोडले. तोफेसारख्या हत्यारांचा आल्प्सच्या उत्तरेला झालेला अगदी सुरुवातीचा वापर या वेढ्यातला मानतात. त्यांतून उडवायचे बाण किल्ल्यात ठेवलेले आहेत. वज्रगड घेऊन पुरंदरावर मारा केला तीच अक्कल, तीनशेहून अधिक वर्षं आधी. सकाळी मला जे खुपलं होतं, खड्ड्यातला किल्ला, ते बाल्डुइनच्याही लक्षात आलं होतं, एवढं समाधान मानून घेतलं.

किल्ला पडला नाही. पण कोंडून राहायलाही मर्यादा असते. १३३६ साली तह झाला आणि एल्ट्सांना बिशपचे मांडलिक व्हावं लागलं. म्हणजे हरलेच. पण घर राहिलं. ट्रुट्सएल्ट्सच्या ढासळलेल्या भिंतीपाशी उभं राहून खाली पाहिलं की गंमत दिसते. वेढा घालणाऱ्याच्या किल्ल्यात झाडं उगवली आहेत आणि वेढ्यात सापडलेल्याच्या चौकात नात आइस्क्रीम खाते आहे.

यानंतर शतकानुशतकं या किल्ल्यावर फारसं काही घडलं नाही, आणि तेच त्याचं मोठेपण. मोझेलकाठचे किल्ले चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ च्या सुमाराला सुरुंग लावून उडवले. जवळच्या कोखेमचा उडवला. आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकातला नवा. हायडेलबर्गचा राजवाडाही त्याच युद्धात गेला. एल्ट्स वाचला, कारण घराण्यातला हान्स आंटोन हा फ्रेंच सैन्यातच वरच्या हुद्द्यावर होता. पाडायच्या यादीतून त्यानं किल्ल्याचं नाव काढलं. देशभक्तीच्या पुस्तकात हान्स आंटोनला जागा मिळणं कठीण. पण तीन घरांपैकी कुणीतरी कुठेतरी आपलं माणूस पेरून ठेवलेलं असणं, ही मोठ्या कुळांची विद्या. सोळाव्या शतकात याकोब फॉन एल्ट्स ट्रिअरचा आर्चबिशप झाला. ज्या गादीनं यांना वाकवलं, त्याच गादीवर हे जाऊन बसले. अठराव्यात फिलिप कार्ल माइन्झचा. सम्राट निवडायचा अधिकार असलेल्या मोजक्या माणसांपैकी ही पदं.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पुन्हा फ्रेंच आले. केम्पेनिश शाखेचा मालक हुगो फिलिप देश सोडून पळाला असं समजून मालमत्ता जप्त झाली. तो पळालेला नव्हताच, माइन्झमध्येच होता. ते सिद्ध झाल्यावर १७९७ साली सगळं परत मिळालं. त्याच्याआधीच रोडेनडॉर्फांचा हिस्सा केम्पेनिशांकडे आला होता. १८१५ साली हुगो फिलिपनं र्‍यूबेनाखांचंही घर विकत घेतलं आणि तीन वाटे पुन्हा एक झाले. साडेपाचशे वर्षांनी! त्याच्यानंतरच्या काउंट कार्लनं १८४५ ते १८८८ अशी चाळीसहून अधिक वर्षं डागडुजी करवली, १,८४,००० मार्क खर्चून. त्या काळची फॅशन होती पडके किल्ले स्वप्नातल्यासारखे नटवायची. यानं जे होतं तेच सांधलं. १९२० साली आग लागून बराच भाग जळाला, तोही पुन्हा बांधला. १९६५ पासून पाचशे मार्कांच्या नोटेमागे हा किल्ला छापलेला असायचा. म्हणजे बहुतेक जर्मनांनी तो क्वचितच पाहिला असणार. पाचशेची नोट कुणाच्या हातात किती वेळा येते?

आजही मालकी त्याच कुळाची आहे, तिसाहून अधिक पिढ्या. पण एक गोष्ट मला फार लागली. मधली दोनशे वर्षं घराण्याचं खरं बिऱ्हाड इथे नव्हतंच. फिलिप कार्लनं १७३६ साली क्रोएशियात, डॅन्यूबकाठी वुकोवारची जहागीर घेतली आणि तिथे प्रशस्त, मोकळा, तटबंदी नसलेला वाडा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कुटुंबाला तो सोडावा लागला, आणि १९९१ च्या युद्धात त्याची चाळण झाली. पुढे तो पुन्हा बांधून काढला. ज्या घराला वेढे झेलण्यासाठी बांधलं ते लढाईत न पडता उभं राहिलं आणि ज्याला उन्हात पाय पसरण्यासाठी बांधलं त्याच्या भिंतींना भगदाडं पडली.

आमचं देवघर चार पावसाळ्यांपूर्वी बसलं. बॉम्ब नाही, वेढा नाही. आढ्याजवळची एक तुळई कुजली होती हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पण दुरुस्ती ज्यानं केली त्याचा ताबा सिद्ध होतो, असं दोन्हीकडच्या वकिलांचं मत. म्हणून आम्ही हात लावायला गेलो की ते हरकत घेत आणि ते गेले की आम्ही. सामाईक असल्यामुळे पडलं. माझ्याच मनात येऊन गेलं की मी हक्क सोडलाय, मला काय? पैसे पाठवते म्हणावं असं वाटलं होतं एकदा. म्हटलं नाही.

संध्याकाळी लेकीच्या घरी पोचल्यावर दादाला व्हिडिओ कॉल लावला. करार, गुलाब, विदूषक, तीन चुली आणि एक विहीर, सगळं एका दमात सांगितलं. तो चहा पीत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "म्हणजे शेवटी एकानंच विकत घेतलं ना सगळं?"

"हो, पण १८१५ साली."

"घेतलं ना पण. आणि बिशप घरात होते. आपल्याकडे कोण आहे? मी, रिटायर्ड हेडक्लार्क."

याला मला उत्तर सुचलं नाही. कागद सगळेच लिहितील, पण ते साडेपाचशे वर्षं पाळायला पोटात अन्न आणि पाठीशी गादी लागते, हे त्याचं म्हणणं मला खोडता येईना. मग तो थोडा वेळ गप्प बसला. मागे वहिनींचा टीव्ही ऐकू येत होता.

"छपराला काय घातलंय त्यांनी? कौलं?"

"पाटीचा दगड असतो ना, लिहायच्या पाटीचा. त्याचे पातळ तुकडे, खवल्यांसारखे."

"आणि तिन्ही घरांची छपरं चौकाकडे उतरती?"

"काही उतरती. काही बाहेर दरीकडे."

"मग चौकाकडच्या पागोळ्या कुणाच्या दारात पडतात?"

फोटो बघून सांगते म्हटलं. चौकातले सतरा फोटो निघाले. नात, जावई, मी, दगडी पायऱ्या, पुन्हा नात. छपराची कड एकातही आली नव्हती.